ली जे. कॉब: एका चरित्र अभिनेत्याची साक्ष

२ जून १९५३ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलातल्या एका खोलीत ली जे. कॉब नावाचा एक्केचाळीस वर्षांचा नट साक्ष देत होता. साक्ष घेणारी होती अमेरिकी प्रतिनिधिगृहाची, देशातल्या कम्युनिस्टांचा माग काढणारी ‘अन-अमेरिकन ॲक्टिव्हिटीज’ समिती. बैठक बंद दाराआड होती. आपण काही वर्षं कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतो हे कॉबनं मान्य केलं आणि पक्षात आपल्याबरोबर असलेल्या वीस जणांची नावं घेतली. त्याच हिवाळ्यात तो न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या गोदीत ‘ऑन द वॉटरफ्रंट’च्या चित्रीकरणाला उभा होता, आणि त्या भूमिकेनं पुढे त्याला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं.

कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम नाकारलं जायचं त्यांच्या यादीचा, म्हणजे हॉलिवूडच्या काळ्या यादीचा विषय निघाला की नाव निघतं ते दिग्दर्शक इलिया कझानचं. कझाननं नावं घेतली, वर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्याचं समर्थन केलं, आणि मरेपर्यंत लोक त्याला त्याचा जाब विचारत राहिले. कॉबची साक्ष त्या गदारोळात मागे पडली. मला मात्र तीच जास्त बोलकी वाटते. कझान त्या घडीला अमेरिकी रंगभूमीवरचा सर्वांत मागणी असलेला दिग्दर्शक होता. सिनेमा बंद झाला असता तरी नाटक त्याच्या हातात होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. कॉब चरित्र अभिनेता होता. या नटाच्या नावावर तिकीट विकलं जात नाही. त्याच्यासाठी कुणी संहिता लिहून घेत नाही, त्याची तारीख मिळेना म्हणून कुणी चित्रीकरण पुढे ढकलत नाही. तो नसेल तर त्याच वयाचा, त्याच अंगाचा दुसरा कुणीतरी असतोच. एक काम संपलं की दुसरं मिळालं पाहिजे, तरच घर चालतं. कॉबनं जे केलं ते समजून घ्यायचं असेल तर धंद्यातली ही त्याची जागा आधी लक्षात घ्यावी लागते.

वयाच्या आधी म्हातारा

मूळ नाव लिओ जेकबी. जन्म ८ डिसेंबर १९११, न्यूयॉर्क. घर ज्यू स्थलांतरितांचं, वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात कंपोझिटर. मुलगा व्हायोलिन चांगलं वाजवायचा, पण मनगट मोडलं आणि व्हायोलिन सुटलं. मग माउथ ऑर्गन हाती आला. शाळकरी वय संपता संपता तो हॉलिवूडला पळून गेला, काही जमलं नाही म्हणून परतला, आणि न्यूयॉर्क विद्यापीठात रात्रीच्या वर्गांना बसून हिशेबनीस व्हायची तयारी करू लागला. अभिनयाचं वेड काही सुटलं नाही. १९३५ मध्ये तो ग्रुप थिएटरमध्ये दाखल झाला.

ग्रुप थिएटरबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका कंपनीतून निघतं. हॅरल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी १९३१ मध्ये ती उभी केली. ऐन महामंदीचा काळ. रशियन नाट्यदिग्दर्शक स्टानिस्लावस्कीच्या अभिनयपद्धतीनं तालमी करायच्या, तारांकित नट नको, सगळे बरोबरीचे, आणि नाटक आजच्या माणसाच्या पोटापाण्याबद्दल बोललं पाहिजे, अशी तिची धारणा. कझान तिथला, नाटककार क्लिफर्ड ओडेट्स तिथला, जॉन गारफिल्ड, मॉरिस कार्नोव्स्की, जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग हे सगळे तिथले. बेकारांच्या रांगा रोज दिसत असताना यातले काही कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले, यात नवल नव्हतं. पक्ष तेव्हा कायदेशीर होता, निवडणुका लढवत होता. कॉबनं साक्षीत सांगितल्याप्रमाणे तो स्वतः १९४० च्या सुमारास सभासद झाला आणि १९४६ च्या सुमारास बाहेर पडला.

नट म्हणून त्याची ओळख लवकर ठरून गेली. अंगानं थोराड, केस विरळ, आवाज छातीतून येणारा. तिशी गाठायच्या आत त्याच्या वाट्याला म्हाताऱ्यांच्या भूमिका येऊ लागल्या. ओडेट्सच्या ‘गोल्डन बॉय’चा १९३९ मध्ये सिनेमा झाला तेव्हा मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेत विल्यम होल्डन होता आणि त्याचा इटालियन बाप झाला होता कॉब. दोघांच्या वयात सात वर्षांचंही अंतर नव्हतं. तो सिनेमा आजही बघावा, तो कॉबच्या खांद्यांसाठी. सत्तावीस वर्षांचा माणूस खुर्चीतून उठताना आधी हात टेकतो, मग पाठ उचलते, आणि उभं राहिल्यावरही खांदे पूर्ण वर येत नाहीत. रंगभूषेनं केस पिकवता येतात, हे येत नाही. पुढे ‘मॅन ऑफ द वेस्ट’ (१९५८) मध्ये तो गॅरी कूपरचा काका झाला, आणि कूपर त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा होता.

चाळीसच्या दशकात तो सतत पडद्यावर दिसत राहिला. ‘द साँग ऑफ बर्नाडेट’मधला डॉक्टर, ‘ॲना अँड द किंग ऑफ सयाम’मधला प्रधान, कझानच्या ‘बूमरँग’मधला पोलीसप्रमुख, ज्यूल्स दासँच्या ‘थीव्ह्ज हायवे’मधला भाजीबाजारातला लबाड अडत्या. मध्ये युद्धाच्या काळात हवाई दलाची नोकरीही झाली.

विली लोमन

मग १९४९ आलं. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधला विली लोमन त्रेसष्ट वर्षांचा आहे, थकलेला फिरता विक्रेता. मिलरनं लिहिताना तो लहान चणीचा कल्पिला होता. संहितेत एक जागा आहे, जिथे विली बायकोला सांगतो की कुणीतरी आपल्याला पाठीमागे ‘कोळंबी’, म्हणजे ठेंगू, म्हणालं. कॉबची निवड झाली आणि त्या कोळंबीच्या जागी ‘वॉलरस’ हा अगडबंब समुद्री प्राणी आला. छापील नाटकात आजही वॉलरसच आहे. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटासाठी नाटककारानं शब्द बदलावा ही गोष्ट लहान नाही. कॉब तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

तालमीचा प्रसंग मिलरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. पहिले दहा-बारा दिवस कॉब नुसता पुटपुटत होता, रंगमंचावर ओझं वाहिल्यासारखा फिरत होता. कझान दिग्दर्शक, त्यालाही धास्ती वाटू लागली. मग एका दुपारी कॉब नेहमीसारखा खुर्चीतून उठला, बायकोची भूमिका करणाऱ्या मिल्ड्रेड डनॉककडे वळला आणि माणसं वाढली आहेत, शहरात माणसं फार वाढली आहेत, या वाक्यावर त्यानं आवाज सोडला. रिकाम्या रंगमंचावर जिथे खिडकी असायला हवी होती तिकडे त्यानं हात केला, आणि मिलरला तिथे इमारतींची रांग उभी राहिलेली दिसली. इतके दिवस तो माणूस शोधत होता, आणि त्या दुपारी तो त्याला सापडला.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी मोरॉस्को थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. नाटकाला पुलित्झर मिळालं, सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी पारितोषिक मिळालं, आणि एकूण ७४२ प्रयोग झाले. कॉबनं त्यातले सुरुवातीच्या काही महिन्यांचे केले आणि थकून भूमिका सोडली. रोज रात्री विली लोमन होणं त्याच्या अंगावर येत होतं. अभिनेत्याचं टोनी मात्र त्याला मिळालं नाही. त्याहून लागणारी गोष्ट दोन वर्षांनी घडली. कोलंबिया कंपनीनं या नाटकाचा सिनेमा काढला तेव्हा बायको डनॉकच होती, पण विली होता फ्रेडरिक मार्च. मार्चकडे तोवर दोन ऑस्कर होती आणि त्याचं नाव पोस्टरवर चालत होतं. अमेरिकी रंगभूमीवरची त्या दशकातली कदाचित सर्वांत मोठी भूमिका घडवलेला नट पडद्यासाठी बदलता येत होता. चरित्र अभिनेत्याची बाजारातली किंमत काय, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही, आणि तो साक्षीच्या आधीचा आहे.

यादी कशी चाले

समितीनं हॉलिवूडबद्दल घेतलेल्या १९४७ च्या पहिल्या सुनावणीत दहा जणांनी, मुख्यतः लेखकांनी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन उत्तरं नाकारली. ते संसदेच्या अवमानासाठी तुरुंगात गेले, आणि स्टुडिओंच्या मालकांनी १९४७ च्याच नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की असल्यांना आम्ही काम देणार नाही. १९५१ मध्ये दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा बोलावणं आलेल्या माणसापुढे तीन वाटा उरल्या होत्या. पहिल्या दुरुस्तीचा आधार घेतला तर तुरुंग. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला तर तुरुंग नाही, पण काम कायमचं बंद. तिसरी वाट म्हणजे सगळं सांगायचं.

यात एक कायदेशीर फास होता आणि तो सहसा कुणी सांगत नाही. ‘माझ्याबद्दल विचारा, सांगतो, दुसऱ्यांबद्दल नाही’ अशी मधली वाट अनेकांना हवी होती. पण १९५१ च्या रॉजर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की एकदा तुम्ही स्वतःचं सभासदत्व कबूल केलंत की पुढच्या प्रश्नांना पाचवी दुरुस्ती लागू होत नाही. म्हणजे आपल्याबद्दल तोंड उघडलं की इतरांबद्दलही उघडावं लागणार, नाहीतर अवमानाचा खटला.

लेखकांना निदान एक फट होती. संहिता दुसऱ्याच्या नावावर खपवता यायची, आणि डाल्टन ट्रंबोसारख्यांनी ती वर्षानुवर्षं कमी पैशात खपवली. नटाला तीही सोय नाही. त्याचा माल म्हणजे त्याचा चेहरा आणि आवाज. पडद्यावर चेहरा आला की तो कुणाचा हे सगळ्यांना कळतं. नाटकात यादी तितकी कडक नव्हती, पण नाटकावर घर चालवायचं तर नाटक चालावं लागतं.

दोन वर्षं

मार्च १९५१ मध्ये नट लॅरी पार्क्सनं समितीपुढे बंद खोलीत काही नावं सांगितली. त्यात कॉबचं नाव होतं. बोलावणं आलं आणि कॉबनं नकार दिला. हा नकार दोन वर्षं टिकला, आणि या प्रकरणाचा न्याय करताना ती दोन वर्षं मी विसरू शकत नाही.

त्या काळात सिनेमातली कामं आटत गेली. जी आली ती छोट्या, स्वस्तातल्या निर्मितीची. म्हणून तो न्यूयॉर्कला नाटकाकडे वळला. मार्च १९५२ मध्ये ‘गोल्डन बॉय’ पुन्हा रंगमंचावर आलं. लेखक ओडेट्स, दिग्दर्शकही तोच. मुष्टियोद्धा जॉन गारफिल्ड, त्याचा बाप कॉब. ग्रुप थिएटरची जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली होती, आणि तिघांवरही समितीची नजर होती. प्रयोग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालले. १० एप्रिलला कझाननं समितीपुढे नावं घेतली, त्यांत ग्रुप थिएटरमधल्या आठ जणांची. १९ आणि २० मे रोजी ओडेट्सनं साक्ष दिली आणि नावं घेतली. २१ मे रोजी गारफिल्ड हृदयविकारानं गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी. त्यानं आपण कधी कम्युनिस्ट नव्हतो असं सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं, आणि वर्षभर त्याला हॉलिवूडचं काम नव्हतं. ब्रॉमबर्ग त्याआधीच, डिसेंबर १९५१ मध्ये लंडनमध्ये वारला होता. एप्रिल-मेच्या त्या सहा आठवड्यांत कॉब काय बघत होता हे डोळ्यांपुढे आणलं, तर १९५३ मधली त्याची साक्ष अचानक आलेली वाटत नाही.

घरही मोडत होतं. बायको हेलन बेव्हर्ली ही यिडिश रंगभूमी-सिनेमातली अभिनेत्री. १९५२ मध्ये घटस्फोट झाला. कॉबनं पुढे पत्रकार व्हिक्टर नवस्कीला सविस्तर मुलाखत दिली, तीत तो म्हणतो की काळी यादी ही तर नुसती सुरुवात होती. पासपोर्ट काढून घेतला. कुठेही गेलं तरी पाळत. आडून आणि उघड धमक्या. बायको त्याखाली कोसळली आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. हातात पैसा नव्हता, उसनं कुणी देत नव्हतं, मुलांचा खर्च अंगावर. शेवटी त्यानं स्वतःशी ठरवलं की ही गोष्ट जीव द्यावा इतक्या मोलाची नाही, आणि आपल्याला पुन्हा कामावर घेता आलं पाहिजे. समितीनं आपल्याशी सौदा केला, असंच त्यानं सांगितलं.

या मुलाखतीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉब देशभक्तीचा आव आणत नाही. कझाननं आणि ‘वॉटरफ्रंट’चा लेखक बड शुलबर्ग यानं आपल्या साक्षीला तत्त्वाचा आधार दिला: पक्षानं फसवलं, पक्ष घातक होता, म्हणून बोललो. कॉब म्हणतो की मी दमलो होतो.

साक्षीत काय होतं

त्या साक्षीचा बराच भाग नावांचा आहे, आणि त्यातली बहुतेक माणसं नाटकातली, नट-नट्या. समितीला त्यातून नवं फारसं काही मिळालं नाही. कोण कुठल्या बैठकीला होता हे तिला इतर साक्षीदारांकडून आणि पक्षात घुसवलेल्या खबऱ्यांकडून आधीच कळलेलं होतं. साक्षीदारानं स्वतःच्या तोंडानं नाव घ्यावं, यालाच किंमत होती. जुन्या मित्राचं नाव घेतलं की साक्षीदार त्या माणसांपासून कायमचा तुटतो, आणि मगच स्टुडिओ त्याला ‘स्वच्छ’ मानतात.

एक तपशील मात्र नटाच्या तोंडी शोभणारा आहे. पक्षातल्या नाट्यकर्मींना एक काम दिलं होतं असं कॉबनं सांगितलं: स्टानिस्लावस्कीची अभिनयपद्धत वर्गसंघर्षाच्या रंगात रंगवून नव्यानं मांडायची. पहिल्या पानापासूनच ते जमेना. अभिनयाचं ते शास्त्र राजकारणाच्या कामाला लागायला तयारच नव्हतं. देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून ज्यांची चौकशी चालली होती, ते एका बैठकीत बसून अभिनयाच्या पुस्तकाशी झटापट करत होते.

इथे माझं मत सांगून टाकतो. कॉबची कोंडी खरी होती आणि ती मला पूर्ण पटते. पण त्यानं ज्या वीस जणांची नावं घेतली त्यांतले बहुतेक त्याच्यासारखेच होते, पोस्टरवर नाव नसलेले, पुढच्या कामाची वाट बघणारे. स्वतःचं घर वाचवण्यासाठी त्यानं जे दिलं ते दुसऱ्यांच्या घरचं होतं. समितीच्या यंत्रणेतली सर्वांत नीच गोष्ट मला हीच वाटते: दुबळ्याची सुटका तिनं दुसऱ्या दुबळ्याच्या गळ्याला बांधून ठेवली. यंत्रणेवर दोष टाकला तरी कॉबचा वाटा शिल्लक राहतो, आणि तो त्यानं मुलाखतीत नाकारलेला नाही.

गोदीतला दादा

साक्ष सप्टेंबरमध्ये जाहीर झाली आणि दारं उघडली. १९५४ मध्ये त्याला काय काय मिळालं ते बघण्यासारखं आहे. एकीकडे ‘ऑन द वॉटरफ्रंट’, दुसरीकडे ‘गोरिला ॲट लार्ज’ नावाचा, जत्रेतल्या गोरिलाभोवती रचलेल्या खुनाचा त्रिमितीय चित्रपट, ज्यात तो पोलीस अधिकारी होता. ‘पुन्हा कामावर घेता येणं’ म्हणजे हे दोन्ही. चरित्र अभिनेता भूमिका निवडत नाही, तो फोन उचलतो.

‘वॉटरफ्रंट’ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: गोदी कामगारांच्या संघटनेवर गुंडांचा कब्जा, आणि एक साधा माजी मुष्टियोद्धा, मार्लन ब्रँडोचा टेरी, शेवटी चौकशी आयोगापुढे उभा राहून त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. साक्ष देणं हे इथे शौर्य आहे. दिग्दर्शकानं नावं घेतलेली, लेखकानं नावं घेतलेली, आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली जाते तो गुंडांचा म्होरक्या जॉनी फ्रेंडली झालेल्या नटानंही, म्हणजे कॉबनंही, नावं घेतलेली. साक्ष दिलेल्या माणसाला साक्षीदारावर खवळणारा गुंड साकारायचा होता. टेरी साक्ष देऊन निघाल्यावर जॉनी त्याच्यावर ओरडतो, तुला या गोदीत काय, कुठेच काम मिळणार नाही, असं. हे वाक्य कॉब ज्या रागानं बोलतो तो ऐकावा. काम बंद होण्याची धमकी काय असते हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं. मात्र भूमिकेत नटाचं आयुष्य वाचण्याला मर्यादा आहे, आणि या एका वाक्यापलीकडे मी ते ताणणार नाही. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. सहायक अभिनेत्याच्या विभागात कॉब, कार्ल माल्डेन आणि रॉड स्टायगर या तिघांनाही याच चित्रपटासाठी नामांकन होतं, आणि तिघांनाही बाजूला सारून ते एडमंड ओब्रायनला गेलं.

१९५५ मध्ये कॉबला हृदयविकाराचा मोठा झटका आला. पुन्हा काम बंद, पुन्हा कर्ज. तेव्हा इस्पितळात येऊन उभा राहिला तो फ्रँक सिनात्रा. दोघांनी १९४८ मध्ये एका चित्रपटात एकत्र काम केलं होतं, पण मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. सिनात्रानं बिलं भरली, त्याला पाम स्प्रिंग्जच्या आपल्या घरी नेलं, बरं वाटेपर्यंत ठेवून घेतलं आणि नंतर राहायला जागाही बघून दिली. १९६३ च्या ‘कम ब्लो युअर हॉर्न’मध्ये कॉब सिनात्राचा बाप झाला. तो सिनात्रापेक्षा अवघ्या चार वर्षांनी मोठा होता.

बारा जणांतला शेवटचा

आपल्याकडच्या प्रेक्षकाला कॉबची एक भूमिका वेगळ्या चेहऱ्यानं पाठ आहे. बासू चॅटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) मध्ये पंकज कपूरनं जो शेवटपर्यंत हट्ट न सोडणारा ज्युरर केला, ती जागा सिडनी ल्युमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये कॉबची होती. क्रमांक तीनचा ज्युरर. मुलाशी संबंध तुटलेला बाप, जो आरोपी मुलावर आपल्या पोराचा राग काढतो.

ल्युमेटनं कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवला, मग डोळ्यांपाशी, शेवटी खाली, आणि भिंग हळूहळू असं बदलत नेलं की खोली आकसत जावी. त्या आकसणाऱ्या खोलीत कॉबचं धिप्पाड अंग अधिकच अडचणीत येत जातं. शेवटच्या प्रसंगात तो पाकीट टेबलावर आपटतो, त्यातून मुलाबरोबरचा फोटो बाहेर येतो, आणि ओरडता ओरडता तो फोटो फाडून टाकतो. फाडून झाल्यावर तुकड्यांकडे बघताना आवाज बसतो आणि ‘निर्दोष’ हा शब्द हुंदक्यातून निघतो. ओरडणारा नट कुठेही मिळतो. ओरडण्याच्या मध्यावरच माणूस आतून ढासळला आहे हे दाखवणारा क्वचित मिळतो. पंकज कपूरनं ती भूमिका आपल्या पद्धतीनं, वेगळ्या लयीत केली, आणि दोन्ही लागोपाठ बघितल्या तर दोघांबद्दलचा आदर वाढतो.

या चित्रपटासाठी कॉबला ऑस्कर नामांकनही नव्हतं. ते पुढच्या वर्षी ‘द ब्रदर्स कारामाझोव’मधल्या म्हाताऱ्या फ्योदोरसाठी मिळालं, आणि तेव्हाही पुरस्कार दुसऱ्याला गेला.

१९६० मध्ये तो ‘एक्झोडस’मध्ये होता. त्या चित्रपटाच्या पटकथेवर दिग्दर्शक ऑटो प्रेमिंगरनं डाल्टन ट्रंबोचं खरं नाव छापलं, आणि काळ्या यादीला जी मोठी भगदाडं पडली त्यातलं हे एक. नावं घेतलेला नट आणि नाव न घेता तुरुंगात गेलेला लेखक एकाच श्रेयनामावलीत आले.

नंतरची वर्षं पटकन सांगता येतात. १९६२ पासून चार वर्षं ‘द व्हर्जिनियन’ या नव्वद मिनिटांच्या टीव्ही मालिकेत न्यायाधीश गार्थ. पैसा नियमित, भूमिका साचेबंद. १९६६ मध्ये सीबीएसवर डनॉकबरोबरच पुन्हा विली लोमन. १९४९ चा प्रयोग आपल्याला बघता येणार नाही, पण हे चित्रण आहे, आणि आता कॉब विलीच्या वयाच्या बराच जवळ आला होता. १९६८ मध्ये लिंकन सेंटरमध्ये किंग लिअर. १९७३ मध्ये ‘द एक्झॉर्सिस्ट’मधला गोडबोल्या, चिवट पोलीस अधिकारी किंडरमन. ११ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयविकारानं मृत्यू, वय चौसष्ट.

दुसरी वाट घेतलेले

कॉबच्या निर्णयाला ‘दुसरा इलाजच नव्हता’ म्हणणारे बरेच आहेत. म्हणून त्याच्याच धंद्यातली दोन माणसं शेजारी ठेवून बघणं गरजेचं वाटतं.

ॲन रिव्हियर. आईच्या भूमिका करणारी, १९४५ च्या ऑस्करची मानकरी. पार्क्सनं घेतलेल्या नावांत तीही होती. तिनं पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला आणि जवळजवळ दोन दशकं तिला एकही चित्रपट मिळाला नाही. नाटकानं तिला तारलं, १९६० मध्ये टोनीही मिळालं, पण पडद्यावरची तिची ऐन उमेदीची वर्षं गेली ती गेलीच.

जेफ कोरी. कॉबहून तीन वर्षांनी लहान, तसाच दुय्यम भूमिकांतला, बायको आणि मुली असलेला. १९५१ मध्ये त्यानं नावं घ्यायला नकार दिला. मग बांधकामावर मजुरी केली, आणि हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये अभिनयाचे वर्ग सुरू केले. त्या वर्गात जॅक निकल्सन शिकून गेला. ज्या स्टुडिओंनी कोरीला पडद्यावर येऊ दिलं नाही, त्यांचेच नवे नट त्याच्याकडे शिकायला येत होते.

कोरीला शिकवण्याची हातोटी होती, रिव्हियरला नाटकानं हात दिला. कॉबची बायको इस्पितळात होती आणि मुलं त्याच्याकडे बघत होती. या तिघांच्या अडचणी एका मापानं मोजता येत नाहीत, आणि म्हणून कोरीचं उदाहरण देऊन कॉबला झोडपणं मला योग्य वाटत नाही. पण दुसरी वाट नव्हती हे म्हणणं खोटं आहे, आणि ते कोरी-रिव्हियरसारख्यांवर अन्याय करणारं आहे. वाट होती, ती फार महाग होती, आणि काहींनी तिची किंमत दिली. कोरी साठच्या दशकात पडद्यावर परतला. १९६९ मध्ये ‘ट्रू ग्रिट’ आणि ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ अशा दोन गाजलेल्या चित्रपटांत तो दिसला, दोन्हीकडे दुय्यम भूमिकेत. मधली दहाएक वर्षं त्याच्या नावावर एकही चित्रपट नाही. कॉबच्या यादीत त्याच दहा वर्षांत जॉनी फ्रेंडली आहे, तिसरा ज्युरर आहे, फ्योदोर कारामाझोव आहे.